स्पॅनिशचे दोन भूतकाळ: 'गेलो' आणि 'जाऊन राहिलो होतो'

स्पॅनिशमध्ये इंदेफिनिदो (झालं-संपलं असा भूतकाळ) वापरायचा की इंपेर्फेक्तो (चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टींचा भूतकाळ), हे ठरवताना इंग्रजीतून विचार केला की घोळ होतो, कारण 'वेन्ट' दोन्हीकडे चालतं. नागपूरकरानं वाक्य आधी घरच्या मराठीत म्हणावं. 'काल फुटाळा तलावावर गेलो': फुइ, म्हणजे इंदेफिनिदो. 'दर रविवारी जायचो' किंवा 'जाऊन राहिलो होतो' (नागपुरी बोलीत 'जात होतो'): इबा, म्हणजे इंपेर्फेक्तो. ('व्ही' लिहिला तरी उच्चार 'ब'च होतो, इथे उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे.)

दोन्ही एकत्र आले की फरक स्वच्छ दिसतो. 'बर्डीवरून घरी येऊन राहिलो होतो, तेवढ्यात पाऊस सुरू झाला': बोल्बिआ आ कासा कुआन्दो एम्पेसो आ योबेर. येणं चालू होतं, पाऊस मध्येच टपकला.

मराठी माणूस हमखास चुकतो ते इथे: 'काल चार तास पाऊस पडत होता.' 'पडत होता' ऐकून हात आपोआप योबिआ लिहितो. पण चार तास मोजून झाले, पाऊस संपला. म्हणून योब्यो कुआत्रो ओरास. 'तीन वर्षं नागपुरात राहत होतो' याचंही तेच: बिबी त्रेस आन्योस एन नागपूर. तेव्हा क्रियापदाकडे बघण्याआधी वाक्यात मुदत शोधा. संपलेली मुदत सापडली की इंदेफिनिदो, मग मराठीत 'होतो' असो की आणखी काही. 'रोज दोन तास खेळायचो' यात मात्र ती सवय आहे, तिथे हुगाबाच. वय आणि घड्याळ यांतला आकडा म्हणजे मुदत नव्हे: तेनिआ दिएस आन्योस (दहा वर्षांचा होतो), एरान लास सिंको (पाच वाजले होते). 'पाच वाजले होते' यातल्या 'वाजले'ला फसू नका.

काही क्रियापदांचा काळ बदलला की अर्थच बदलतो, आणि इथे मराठी फार कामाची आहे. साबिआ म्हणजे माहीत होतं, सुपे म्हणजे कळलं. कोनोसिआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसी म्हणजे ओळख झाली. नो केरिआ म्हणजे इच्छा नव्हती, पुढे काय केलं ते उघडं राहतं. नो किसे म्हणजे साफ नकार दिला.

रूपं पाठ करायला इंपेर्फेक्तोपासून सुरुवात करा. त्यात अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणं), इर (जाणं) आणि बेर (बघणं). इंदेफिनिदोत अनियमित रूपांची रांग मोठी आहे, शिवाय सेर आणि इर या दोघांचंही रूप फुइच. 'होतो' की 'गेलो', ते पुढच्या शब्दावरून ओळखायचं.