बी.एड.चं आत्मचिंतन: शिक्षकीपर्यंतचा आपला प्रवास कसा लिहावा

बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून अभ्यासक्रमात स्वतःला समजून घेण्याचा एक वेगळा भाग आहे. विद्यापीठागणिक त्याचं नाव बदलतं, पण एक लेखन बहुतेक ठिकाणी करावं लागतं: मी इथपर्यंत कसा आलो किंवा कशी आले. बरेचजण मागच्या बॅचच्या जर्नलवरून ते उतरवतात. आमच्या मते नुकसान तिथेच होतं, कारण वर्गात उभं राहिल्यावर खरोखर उपयोगी पडणारं सबमिशन म्हणजे हेच.

आधी लिहू नका, चित्र काढा. कार्डशीट आडवी धरून पेन्सिलीने आपल्या आयुष्याची नदी काढा. उगम, वळणं, येऊन मिळालेले ओढे, अडलेलं पाणी. 40 मिनिटांत बारा-पंधरा प्रसंग बसवा आणि प्रत्येकापुढे चार-पाच शब्दच लिहा. शाळा बदलली, माध्यम बदललं, फी थकली, एखाद्या विषयाची गोडी लागली किंवा धास्ती बसली, हे सगळं येऊ द्या. शाळेबाहेरचंही विसरू नका: धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या, गणेशोत्सवात बसवलेली नाटुकली. शिकवण्याची पहिली चव अनेकांना तिथेच लागलेली असते.

मग आठवणी तपासा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. प्रगतिपुस्तकात गुण, हजेरी, शेरे असतात. आई, मोठी बहीण, जुना वर्गमित्र यांना तोच प्रसंग विचारा. त्यांचं सांगणं वेगळं निघालं तर खोडू नका, दोन्ही नोंदवा. आपल्या शाळेच्या दिवसांत कोणते नियम होते तेही पाहा. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 मध्ये चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. आपल्या वाट्याला आलेलं काय फक्त आपलं होतं आणि काय सगळ्या पिढीचं, हे अशा तारखांवरून उमगतं.

आता त्या पंधरांतले तीनच प्रसंग ठेवा. निवडीची कसोटी एकच: या प्रसंगामुळे मी वर्गात काही वेगळं करेन का? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं की शिक्षक होणारा माणूस आधी बाकावर बसून हजारो तास शिक्षकांना बघत आलेला असतो आणि नकळत तसंच शिकवू लागतो. पण बाकावरून फक्त शिकवणं दिसतं. त्यामागचं टाचण (पाठाचं लेखी नियोजन), तयारी, अडचणी दिसत नाहीत. म्हणून निवडलेल्या प्रत्येक शिक्षकाबद्दल लिहिताना विचारा: मला काय दिसत होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं?

प्रसंग उलगडायला शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 चं चिंतनचक्र सोपं पडतं: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय होतं, तसं का झालं, यातून काय कळलं, पुढे काय करेन. लिहिणारे अडकतात ते दुसऱ्या पायरीवर. समजा, सातवीत फळ्यावर गणित चुकलं आणि वर्ग हसला. ‘खूप अपमान वाटला’ इथे थांबलात तर ती नुसती तक्रार झाली. घटना पाच-सहा ओळींत, भावना दोन ओळींत आटपा आणि उरलेली जागा ‘तसं का झालं’ याला द्या. वर्गात किती मुलं होती? गुरुजी हसणं का थांबवू शकले नाहीत? पायरी नेमकी कुठे चुकली होती, आणि ती कोणी पाहिली का? शेवटची पायरी कृतीत उतरली पाहिजे. ‘मी मुलांशी प्रेमाने वागेन’ यातून सराव पाठात काहीच बदलत नाही. ‘उत्तर चुकलं तर मुलाला फळ्यावरच ठेवून, तू इथवर कसा आलास, असं विचारेन आणि बाकीच्यांना तेवढीच पायरी वहीत करायला सांगेन’ हे टाचणात लिहिता येतं.

शिक्षकी का निवडली, याचं खरं कारण लिहा. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, घरात सगळे शिक्षक, लग्नानंतर गावाजवळची नोकरी हवी होती: यात कमीपणा काही नाही. ‘लहानपणापासून शिक्षक व्हायचं होतं’ हे वाक्य प्राध्यापक दर वर्षी गठ्ठ्याने वाचतात; ते खरं असेल तर कोणत्या इयत्तेत, कशावरून, हे सांगा. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा, नेमणुकीनंतर आधी मानधनावर शिक्षणसेवकाची वर्षं, हे सगळं माहीत असूनही इथे आलात, तर तेही या प्रवासात येतं.

ज्यांनी मारलं, जातीवरून बोललं, हिणवलं त्यांची नावं आणि शाळेची ओळख गाळा. ‘गणिताचे सर’ पुरे. एखादा प्रसंग अजून दुखत असेल तर तो जर्नलमध्ये घालायची सक्ती नाही. त्याऐवजी दुसरा निवडा आणि हवं तर मार्गदर्शक प्राध्यापकांशी एकट्याने बोला.

महाविद्यालयाने शब्दमर्यादा दिली नसेल तर हजार-बाराशे शब्द पुरतात. जन्मगावापासून सुरू करू नका, थेट पहिल्या प्रसंगात शिरा. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. जे वाक्य कुणाच्याही जर्नलमध्ये चाललं असतं ते काढा. डाव्या बाजूला रुंद समास सोडा. दुसऱ्या वर्षी शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) संपली की वेगळ्या शाईने तिथे लिहा: ‘करेन’ म्हटलेलं काय केलं, काय जमलं नाही आणि का. तोंडी परीक्षेत याच समासावर प्रश्न येऊ शकतात, तेव्हा तो कोरा ठेवून जाऊ नका.