गोबरगॅस बांधण्याआधी आठ दिवस शेण मोजा

बऱ्याच गावांत कोठ्याच्या मागे एक बंद पडलेला गोबरगॅस असतो. घुमटावर गवत, निकासाच्या टाकीत पावसाचं पाणी, स्वयंपाकघराकडे गेलेली नळी मधेच तुटलेली. बांधकाम बहुतेक वेळा शाबूत असतं. खोट मापात असते. कोठ्यात रोज पंचवीस किलो शेण पडतं आणि बांधलेला संच पन्नास किलो मागतो. उपाशी संचाची ज्योत आधी बारीक होते, मग एक दिवस ती पेटतच नाही, आणि घरातली बाई पुन्हा पऱ्हाटी-तुराट्यांच्या धुरात बसते. म्हणून गवंडी बोलावण्याआधी तराजू आणा.

माप

सलग आठ दिवस सकाळी कोठा झाडताना शेण घमेल्यात भरा आणि वजन वहीत लिहा. पुस्तकात मोठ्या गाईबैलाचं शेण दिवसाला १० किलो आणि म्हशीचं १५ किलोपर्यंत लिहिलेलं असतं. ते चोवीस तास दावणीला बांधलेल्या ढोराचं आहे. आपल्याकडची ढोरं ढोरकीमागे रानात जातात, बैल वावरात असतात. हाती लागतं ते रात्रीचं, म्हणजे साधारण निम्मं. चार ढोरं असली म्हणून ४० किलो धरू नका, २०–२५ धरा. एप्रिल-मे मध्ये चारा कमी पडला की शेणही घटतं, तेव्हा जमल्यास उन्हाळ्यातही एकदा मोजा आणि जो आकडा लहान निघेल त्यावर संच ठरवा.

ताज्या एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस होतो. २५ किलोला १ घनमीटरचा (रोज १००० लिटर गॅसचा) संच, ५० किलोला २ घनमीटरचा. मोठं बर्नर तासाला साधारण ४५० लिटर गॅस खातं, म्हणजे १ घनमीटरमध्ये दोन तासांहून थोडा जास्त वेळ चूल चालते. तीन-चार माणसांच्या दोन वेळच्या भाकरी, वरण, भात आणि चहा त्यात बसतो. आंघोळीचं पाणी बसत नाही. घरात पाच ते आठ माणसं असतील तर २ घनमीटर लागतो. पोटभर शेण मिळालेला २ घनमीटरचा संच रोज सुमारे ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचं काम करतो, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर सोळा दिवसांत. हा हिशेब गरम दिवसांचा आहे, थंडीत तो खाली येतो.

माणसं सहा आणि शेण २५ किलो असेल तर काय करायचं? १ घनमीटरचाच संच बांधा आणि उरलेलं सिलिंडरवर करा. मोठा संच बांधून शेजाऱ्याच्या शेणावर विसंबलेली घरं दोन पावसाळेही टिकत नाहीत.

नमुना आणि जागा

शेणाच्या गॅसची ओळख आपल्याला जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. पुढे खादी ग्रामोद्योगाचा लोखंडी ड्रमचा नमुना गावोगाव गेला. त्यात दाब एकसारखा राहतो, पण ड्रम गंजतो, महाग पडतो आणि दरवर्षी रंगवावा लागतो. ॲफप्रो या संस्थेने १९८४ मध्ये आणलेला दीनबंधू नमुना संपूर्ण विटांचा, जमिनीत गाडलेला आणि हलता भाग नसलेला आहे. घरासाठी आम्ही हाच सुचवतो. एकच अट आहे: घुमट बांधण्याचा सराव असलेला गवंडी हवा. भिंती सरळ बांधणारा गवंडी कितीही चांगला असो, गॅस धरून ठेवणारा घुमट वेगळं काम आहे.

नेपाळमध्ये १९९२ पासून चाललेल्या बायोगॅस कार्यक्रमात बांधणाऱ्या कंपनीवर हमीची आणि नंतरच्या देखभालीची जबाबदारी असे. गवंड्याशी बोलताना हेच मागा: बांधून झाल्यावर वर्षभरात दोनदा येऊन तपासणी, आणि ते कागदावर लिहून. अनुदानाची रक्कम वर्षागणिक बदलते, त्यामुळे पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी विचारा आणि मंजुरी आल्यावरच खड्डा खणा.

जागा उन्हाची हवी, कोठ्याजवळची आणि स्वयंपाकघरापासून दहा-पंधरा मीटरच्या आत. पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर. शेजारी मोठं झाड नको. कडुनिंबाची मुळं विटांच्या सांध्यात शिरतात.

विदर्भात खरी अडचण काळ्या मातीची आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हात हातभर भेगाळते, आणि तिच्यात ठेवलेला घुमट दोन-तीन वर्षांत तडकतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम खोल असेल तर तळाशी मुरूम भरून पाणी मारून चोपा आणि त्यावर पाया घाला. घुमटाच्या भोवती खणून काढलेली काळी माती परत लोटू नका. तिथे मुरूम किंवा वाळू-मुरूम थराथराने भरून ठोका. पाणी वर येणाऱ्या जागी, विशेषतः धानाच्या पट्ट्यात, पावसाळ्यात रिकाम्या संचाला खालून पाणी उचलतं, तेव्हा पाऊस सुरू होण्याआधी संच भरलेला असला पाहिजे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात सिमेंट कालवायला आणि पाणी मारायला गोडं पाणी आणा. खाऱ्या पाण्यात प्लास्टर पकडत नाही आणि सळई गंजते.

बांधकाम

२ घनमीटरच्या दीनबंधूला सुमारे १००० पक्क्या विटा, १४ ते १६ पोती सिमेंट, एक ब्रासच्या आसपास वाळू, अर्धा ब्रास गिट्टी, टाकीच्या झाकणांसाठी आठ-दहा किलो सळई, शेण आत जायला सहा इंची पाईप सुमारे दोन मीटर आणि घुमटाच्या माथ्यावर बसवायचा लोखंडी गॅस-पाईप लागतो. आतला व्यास साधारण अडीच मीटर, खोली दोन मीटरच्या जवळपास. नेमकी मापं गवंड्याकडच्या नकाशावरून घ्या.

वीट विटेवर आपटली की खणखणीत वाजली पाहिजे. भदभद आवाज आला की ती परत पाठवा. विटा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी वीट सिमेंटातलं पाणी ओढून घेते. वाळू चाळून घ्या.

तीन पातळ्या चुकल्या तर संच कधीच नीट चालत नाही, म्हणून पाणीनळीने त्या स्वतः तपासा. शेण कालवायच्या टाकीचा तळ निकासाच्या तोंडापेक्षा उंच हवा, नाहीतर शेण उलटं येतं. निकासाचं तोंड घुमटाच्या माथ्यावरच्या गॅस-पाईपपेक्षा खाली हवं, नाहीतर स्लरी (संचातला पातळ शेणकाला) नळीत शिरते. आणि निकासाच्या तोंडाबाहेरची जमीन त्याच्याहून खाली हवी, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही.

घुमटाला आतून एकास तीनचं प्लास्टर, त्यावर सिमेंटचं पातळ पाणी, पुन्हा प्लास्टर, पुन्हा सिमेंटपाणी, आणि सुकल्यावर काळा इनॅमल किंवा इपॉक्सी रंग दोन हात. गॅस कुठून सुटतो विचाराल तर घुमट जिथे तळाच्या भागाला टेकतो तो सांधा आणि माथ्यावरच्या पाईपचा बूड. हे दोन ठिकाण गवंड्याच्या शेजारी उभं राहून करून घ्या.

उत्तम काळ फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं आणि घरात माणसं मोकळी असतात. पण ४२–४५ अंशांच्या उन्हात सिमेंट पाण्यावाचून भाजतं, त्यामुळे ओली गोणपाटं टाकून दिवसातून तीन वेळा, निदान दहा दिवस पाणी मारा. मग संच पाण्याने भरा, वरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पातळीला खडूची रेघ मारा. चोवीस तासांनी पातळी बोटभराहून जास्त उतरली तर आत चीर आहे. ती आत्ताच शोधा. शेण भरल्यावर शोधणं महिन्याभराचं काम होतं. शेवटी घुमटावर हातभर मुरूम-माती चोपून टाका, आतून येणारा दाब तीच तोलते.

पहिला भरणा

२ घनमीटरला सुमारे २००० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. आधीपासून शेण सावलीत, ओल्या गोणपाटाखाली जमवा. वाळून खवल्या पडलेलं शेण कामाचं नाही. चालू संचातली पन्नास-शंभर लिटर स्लरी आणून मिसळली तर जिवाणू लवकर रुजतात. भरून झाल्यावर पहिले काही दिवस नवीन शेण घालू नका. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत गॅस येतो, थंडीत महिनाही लागतो. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कर्बवायू आणि कोंडलेली हवा असते. तो दोन-तीनदा बाहेर सोडून द्या, आणि पेटतो का ते फक्त चुलीवर पाहा. घुमटाच्या पाईपवर आगकाडी धरायची नाही. हवेत मिसळलेला गॅस स्फोट करतो.

रोजचं काम

शेणातलं कुटार, दोरीचे तुकडे आणि खडे हाताने काढा. शेणाइतकंच पाणी घाला आणि गाठी मोडेपर्यंत फिरवा. हात बुडवून वर काढा: बोटांवर पातळ पिठल्यासारखा लेप राहिला तर ठीक, पाण्यासारखं ओघळलं तर पातळ झालं, गोळा चिकटला तर घट्ट. वाळू तळाशी बसली की ती टाकीतच ठेवून वरचं सोडा. मातीच्या जमिनीचा कोठा असेल तर हे विसरलात की पाच-सहा वर्षांत अर्धा संच रेतीने भरतो. पाण्याची टंचाई असेल तेव्हा काही पाण्याऐवजी गोमूत्र आणि निकासातली पातळ स्लरी वापरता येते.

आत जाऊ नये अशा वस्तू: फिनाईल, साबणाचं पाणी, प्रतिजैविकं चालू असलेल्या ढोराचं शेण आणि पऱ्हाटीचा चुरा. वरुड-मोर्शी-काटोलकडे एक वेगळी सवय आहे, गळलेली संत्री संचात टाकायची. साल घालू नका. सालीतलं तेल गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारतं.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली गेला की जिवाणू सुस्तावतात. घुमटावर कुटाराचा दोन फूट थर टाका, शेण सकाळऐवजी दुपारी कालवा, पाणी काळ्या ड्रममध्ये उन्हात तापवलेलं घ्या. शेण वाढवून थंडी भरून निघत नाही.

बिघाड

चूल फडफडते आणि ज्योत विझत पेटते, म्हणजे नळीत पाणी साचलं. म्हणूनच नळीला शंभरास एक उतार आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवायचा असतो. दर आठवड्याला तो उघडा. ज्योत पिवळी असेल तर हवेचं छिद्र थोडं उघडा. ज्योत बर्नर सोडून वर उडत असेल तर ते झाका. निळी, हळू फुसफुसणारी ज्योत बरोबर. सिलिंडरची शेगडी चालत नाही, गोबरगॅसच्या शेगडीचं छिद्र मोठं असतं.

गॅस अचानक कमी झाला तर आधी सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसले की गळती सापडली. सांधे पक्के असतील तर निकासाकडे पाहा. स्लरीवर वाळलेली जाड साय धरली असेल तर ती लांब बांबूने फोडा. आंबट वास येत असेल तर आठवडाभर भरणं थांबवा, मग थोडं थोडं ताजं शेण द्या आणि एक बादली चुन्याची निवळी टाका.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: संचात किंवा निकासाच्या टाकीत कधीही उतरायचं नाही. आतला वायू जागीच गुदमरवतो, आणि पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. निकासावर सिमेंटची झाकणं कायम ठेवा. वासरू आणि लेकरू दोघांनाही ती उघडी टाकी जमिनीसारखी दिसते. गाळ काढायचाच असेल तर अनुभवी माणसाकडून, संच पूर्ण रिकामा करून, काही दिवस उघडा ठेवून आणि ब्लोअरने हवा खेळवून.

स्लरी

जेवढं आत जातं जवळपास तेवढंच बाहेर येतं. ती उन्हात पसरून वाळवली की त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, म्हणजे खताचा जीवच जातो. दोन खड्डे आळीपाळीने वापरा: खाली कुटार आणि पाला, त्यावर स्लरी, वर माती. कोठ्याजवळ नाडेपची (कंपोस्ट खताची) टाकी असेल तर आणखी चांगलं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत. टाकी १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, भिंतीत हवेसाठी छिद्रं. तिच्यात शेणकाल्याच्या जागी ही स्लरी थेट वापरा. भाजीच्या वाफ्याला ताजी द्यायची असेल तर तिप्पट-चौपट पाण्यात मिसळून पाटाच्या पाण्यासोबत सोडा, रोपाच्या बुडाशी घट्ट ओतू नका.