लायसन्स कंपनीचं, ओटीपी भलत्याकडे: सॉफ्टवेअरच्या खर्चातल्या या चुका टाळा

महिन्याची १० तारीख होती आणि जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत ११ची. सकाळी साडेनऊला भोसरीला आमच्या टूलरूममध्ये पोचले, तर हार्डवेअरचं काम बघणारा मुलगा खूश होऊन म्हणाला, "मॅडम, तुमचा पीसी स्लो होता ना, रात्री फॉरमॅट मारून दिला." डेटाचा बॅकअप त्याने नीट घेतला होता. पण अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करायचं, म्हणजे सोडवून घ्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नव्याने ॲक्टिव्हेट करायला बसले, तर ओटीपी जात होता तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या अकाउंटंटच्या खासगी ई-मेलवर. ते आता नाशिकला असतात. त्यांचा फोन लागेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच ओटीपी सांगितला, म्हणून रिटर्न त्या रात्री गेलं.

पैसे आम्ही भरले होते, बिल आमच्या नावाचं होतं, तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. तेव्हापासून आमच्याकडची सगळी लायसन्स मीच सांभाळते. आजूबाजूच्या गाळ्यांतही पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

खातं माणसाच्या नावावर

टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा ॲडमिन आयडी अकाउंटंटच्या जीमेलवर, डोमेन (कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता) वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर, ड्रॉइंगच्या कॅड सॉफ्टवेअरचं खातं डीलरने घाईत स्वतःच्याच ई-मेलवर उघडलेलं. छोट्या कारखान्यांत हे सर्रास चालतं, आणि माणसं चांगली असतात तोवर कुणाला खुपत नाही. माणूस नोकरी सोडतो किंवा डीलर धंदा बंद करतो, तेव्हा जाग येते.

कंपनीच्या डोमेनवर फक्त लायसन्ससाठी एक वेगळा ई-मेल काढा, त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा आणि ओटीपीसाठी कंपनीच्या नावाचं सिम घ्या. एकच अपवाद करा. डोमेन जिथे नोंदवलंय, तिथला ई-मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की त्यावरचे ई-मेलही बंद पडतात, मग रिन्यूअलची आठवण तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

पीसी फॉरमॅटला द्यायच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, आणि सिरीयल नंबर कागदावर लिहून फाइलला लावा. कागदावर अशासाठी, की तो नंबर बहुतेक वेळा त्याच पीसीत पडून असतो.

कार्ड साहेबांचं, साहेब चाकणला

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी मंजुरी लागते. जून २०२२ मध्ये विनाओटीपी कपातीची मर्यादा ₹५,००० वरून ₹१५,००० झाली. त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. वार्षिक सबस्क्रिप्शन सहज त्यावर जातं. ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर येतो, साहेब ग्राहकाच्या प्लांटवर असतात आणि तिथे मोबाईल गेटवरच ठेवून घेतात. सबस्क्रिप्शन अडकतं, आणि शिवी मात्र सॉफ्टवेअरला बसते. मोठ्या रकमेची सबस्क्रिप्शन डीलरकडून बिल घेऊन बँक ट्रान्सफरने भरा. छोट्या रकमेची कपात व्हायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचल्याशिवाय पुसू नका. नको असलेलं सबस्क्रिप्शन थांबवायची तीच वेळ असते.

बिलावर आपला जीएसटी नंबर आहे का, हेही बघा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ₹१ लाखामागे ₹१८,०००. नंबर दिला नसेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. परदेशी कंपनीकडून थेट ऑनलाइन घेतलंत तर कार्डाची स्लिप पुरत नाही. खात्यात जीएसटी नंबर भरा, इन्व्हॉइस काढून घ्या आणि रिव्हर्स चार्जचं (घेणाऱ्याने स्वतःच जीएसटी भरायचा, त्याचं) सीएंना विचारा.

नोकरी सोडलेल्या माणसाची सीट चालूच

सीट म्हणजे एका माणसापुरतं लायसन्स. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, आणि कळतही नाही. मेल आणि एक्सेलसाठीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्षाच्या बोलीवर घेतलेलं लायसन्स मध्येच कमी करता येत नाही. खरेदी किंवा रिन्यूअलनंतर फक्त ७ दिवसांची मुभा असते, ती हुकली की वर्षभर रिकाम्या खुर्चीचे पैसे भरा. रिन्यूअलच्या ४५ दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी एचआरची यादी आणि युजरची यादी शेजारी ठेवून एकेका नावावर बोट ठेवा.

"पण त्यांचे जुने मेल लागतात हो," हे मला दर वेळी ऐकावं लागतं. लागतातच. त्यासाठी तो मेलबॉक्स शेअर्ड, म्हणजे बाकीच्यांनाही उघडता येईल असा, करून घ्या. ५० जीबीपर्यंत शेअर्ड मेलबॉक्सला वेगळं लायसन्स लागत नाही. क्रम मात्र चुकवू नका: आधी शेअर्ड, मग त्या माणसाचं लायसन्स काढून घ्या. चुकून युजर डिलीट झाला असेल तर ३० दिवसांत परत आणता येतो.

प्लॅनही सगळ्यांना सारखा नको. स्टोअरमधल्या माणसाला मेल बघायचा आणि अधूनमधून एखादी शीट उघडायची असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा बेसिक प्लॅन पुरतो. स्टँडर्ड त्यांनाच द्या, ज्यांना पीसीवर एक्सेल बसवून दिवसभर काम करायचंय.

एक आयडी, दोन शिफ्ट

"मॅडम, कॅड सारखं लॉगआउट होतंय." अशी तक्रार आली की दिवसपाळी आणि रात्रपाळी एकच आयडी वापरतायत हे समजून चाला. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सबस्क्रिप्शन आता नाव दिलेल्या एका माणसासाठी असतात. दोन माणसं तर दोन सीट, हे कडू वाटलं तरी तसंच आहे. रोज लागत नसेल तर आधी टोकन विकत घेऊन वापरलेल्या दिवसापुरतीच ती खर्च होणारी फ्लेक्स योजना बघा. केवळ डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइलचा प्रकार) ड्रॉइंग उघडून मापं बघायची असतील तर फुकटचा व्ह्यूअर पुरतो. ऑटोकॅडची कायमची लायसन्स ३१ जानेवारी २०१६ नंतर नव्याने विकली गेली नाहीत. तुमच्याकडे त्याआधीचं असेल तर बिल आणि सिरीयल नंबर जिवापाड जपा.

विंडोजचं लायसन्सही असंच बांधलेलं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि पुष्कळांनी पीसी बदलले. ब्रँडेड मशीनबरोबर कारखान्यातूनच आलेलं (ओईएम) लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं, नव्यावर नेता येत नाही.

"फुकट आहे की!"

घरी फुकट म्हणजे कंपनीतही फुकट, असं नसतं. दुसऱ्याचा पीसी लांबून चालवायचे टीमव्ह्यूअर, एनीडेस्क खासगी वापरापुरते मोफत आहेत. बाणेर-हिंजवडीकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी डॉकर डेस्कटॉप आणि जावा ही प्रोग्रॅमरची साधनं तपासावीत. ऑरेकलने जानेवारी २०२३ पासून जावाचा हिशोब एकूण कर्मचाऱ्यांवर सुरू केला; वापरणारे दोघेच असले तरी मोजणी सगळ्यांची. ओपनजेडीके या जावाच्या खुल्या आवृत्तीवर आधारलेलं टेमुरिन मोफत आहे आणि बहुतेक कामं त्यावर होतात.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, मला हात जोडून सांगायचंय. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ₹५०,००० ते ₹२ लाख दंड आहे. व्हायरस घुसून डेटा गेला तर तो तोटा वेगळाच. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस (ऑफिसच्या कामाला), इंकस्केप (चित्रांना), फ्रीकॅड (डिझाइनला) ही मोफत सॉफ्टवेअर वापरा, त्यात कमीपणा नाही.

सॉफ्टवेअर कंपनीकडून तपासणीचं पत्र आलं तर घाबरून रातोरात सगळं अनइन्स्टॉल करू नका, आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. पोच द्या, मुदत मागून घ्या आणि प्रत्येक पीसीवर ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून आधी स्वतः मोजणी करा. फोनवर आकडे सांगू नका, जे बोलायचं ते लेखी. रक्कम मोठी असेल तर वकिलांना दाखवा.

आम्ही ही मोजणी पत्राची वाट न बघता खंडेनवमीला करतो. त्या दिवशी मशीनची पूजा असते, अर्धा दिवस काम बंद, सगळे पीसी मोकळे. झेंडूची माळ घातलेल्या मॉनिटरसमोर बसून मी यादी तपासते: सॉफ्टवेअर, सीट, वापरणारा, ई-मेल, मुदत, बिल नंबर. ई-मेलच्या रकान्यात यंदा एकही जीमेल उरलं नव्हतं.