रोज घाटात जाऊन भूशास्त्र शिकताय? मग या चुका टाळा

पुण्याच्या आसपास राहून रोज सकाळी टेकडीवर नाहीतर घाटात जाऊन भूशास्त्र शिकायचं ठरवलं असेल, तर आधी रोज नवीन जागा गाठायचा हट्ट सोडा. आज सिंहगड, उद्या निघोजचे रांजणखळगे, रविवारी लोणार, असं फिरून फोटो भरपूर जमतात पण कुठला थर कशाच्या वर बसलाय ते काही कळत नाही. माझं म्हणणं, कात्रज घ्या किंवा दिवे घाट घ्या पण एकच घ्या, आणि पायथ्यापासून रोज थोडं थोडं वर सरका, कारण इथे खालचा थर जुना आणि वरचा नवा, वरून सुरुवात केली की सगळी गोष्ट उलटी वाचली जाते.

दगड ज्वालामुखीचा म्हणून डोंगरही ज्वालामुखी, असं समजणारे खूप भेटतात. तसं नाहीये. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून आला आणि आडवा पसरत गेला, थरावर थर चढले, आणि डोंगर नंतर नद्यांनी आणि पावसाने कोरले. सपाट माथे आणि कड्यांवरच्या पायऱ्या दिसतात त्या यामुळेच.

खरी गडबड होते थर मोजताना. लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला असतो (विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात) आणि मधला घट्ट काळा पाषाण, म्हणून पोकळ्या दिसल्या की लोक नवीन थर मोजून मोकळे होतात. पण पाहोईहोई प्रकारचा (पातळ, सहज वाहणारा) लाव्हा छोट्या छोट्या लोबांनी, म्हणजे जिभेसारख्या फुगीर भागांनी, पुढे सरकतो आणि प्रत्येक लोबाला स्वतःचा पोकळ्यांचा माथा असतो, त्यामुळे मोजताना एकाच थराचे दहा थर होऊन बसतात. अशा वेळी रस्त्याच्या कटिंगमधून दोन्ही बाजूंना चालत जा, लोब थोड्या अंतरावर निमुळता होऊन संपतो. दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा, म्हणजे बोल, सापडला तर मात्र तिथे मध्ये बराच काळ गेलाय असं धरा, फक्त तो प्रत्येक थरावर असेलच असं नाही.

आणि लाल दिसलं की लगेच जांभा लिहू नका! जांभा पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारांवर नाहीतर कोकणात, पृष्ठभागावर, भोकाभोकांचा, आणि बोल दोन थरांच्या मध्ये दाबलेला. कटिंगमध्ये कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतात तेही नदीचे गोटे नसतात, बसॉल्ट, म्हणजे इथला हा काळा लाव्ह्याचा दगड, जागेवरच झिजून तसा गोल होतो.

पोकळ्यांमधल्या पांढऱ्या खनिजाला सरसकट गारगोटी म्हणायची सवय पण सोडा. चाकूने ओरखडा उठत नसेल तर क्वार्ट्झच्या कुळातलं काहीतरी. ओरखडा उठतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं ते कॅल्साइट, ओरखडा उठूनही फसफसत नाही ते बहुतेक स्टिल्बाइट, ह्युलँडाइट असं झिओलाइट (लाव्ह्याच्या पोकळ्यांत सापडणारं खनिजांचं एक कुळ). हे सगळं ताज्या फोडलेल्या तुकड्यावर बघा, पण मुळात पडलेले तुकडेच उचला, कड्यावर हातोडा चालवू नका, आणि पावसाळ्यात कटिंगखाली थांबू नका, दरड कधी येईल सांगता येत नाही.

उंची न लिहिणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. इथले थर जवळजवळ आडवे आहेत, कल इतका कमी की क्लिनोमीटर (कल मोजायचं साधन) लावून हाती काही लागत नाही, म्हणून समोरासमोरच्या दोन डोंगरांवरचा थर उंचीवरूनच जुळवावा लागतो. फोनच्या जीपीएसची उंची सहज दहा-वीस मीटर चुकते, तेव्हा निघताना टोपोशीटवर (उंची दाखवणाऱ्या नकाशावर) उंची दिलेल्या जागी ती तपासा आणि किती फरक येतोय ते वहीत लिहून ठेवा. तरीही समोरच्या डोंगरावर त्या उंचीला बोल सापडला नाही तर आधी तिथे मुरूम, झाडी किंवा ढासळलेले दगड आहेत का बघा, बोल मऊ असतो आणि बऱ्याचदा त्यांच्याखाली झाकला जातो, आणि उघडा कडा असूनही दिसत नसेल तर तो मध्येच कुठेतरी पातळ होत संपलेला असू शकतो, तेही नोंदवा.