गोव्यातल्या पंचायत सभागृहात तसबिरी लावताना
आधी भिंत मोजा: तसबिरी किती, त्यांत बायका किती, ख्रिस्ती, मुसलमान किती, गावडा, कुणबी, वेळीप किती. (हे तिन्ही समाज २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत, भिंतीला ते अजून कळलेलं नसतं.) गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर असतील, तर शेजारी त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर, स्वातंत्र्यलढ्यातले टी. बी. कुन्हा, विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरा यांनाही जागा द्या. नाचणाऱ्या कुणबिणीचं निनावी चित्र मोजणीत धरू नका. नाव असलेली व्यक्ती हवी. चौकटी एकाच मापाच्या, मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येते, काचेला टेकलेल्या फोटोला बुरशी धरते. म्हणून आतली भिंत निवडा, काच व फोटोमध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची किनार) घाला, चौकट भिंतीला टेकू नये म्हणून मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा.