घरच्या पेशंटला ट्रायलमध्ये घालायचं का? सही करायच्या आधी हे बघा

डॉक्टरांनी ट्रायलचं, म्हणजे नवीन औषधाच्या माणसांवरच्या चाचणीचं विचारलं की घाबरून नाही म्हणू नका आणि लगेच सहीपण करू नका. आधी सीटीआरआय नंबर मागा (सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही), भारतात 2009 पासून ट्रायलची नोंदणी कंपल्सरी आहे, आणि त्या नंबरमध्येच वर्ष, महिना आणि पुढे अनुक्रमांक असतो. तो सीटीआरआयच्या साइटवर टाकला की कोणतं औषध, कुठली फेज (चाचणीचा टप्पा), कोणती हॉस्पिटलं, पैसे कोण घालतंय सगळं दिसतं, कोणत्या पेशंटला घेतात आणि कोणाला नाही तेपण, फुकट. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ उठून या.

मग माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणा, सगळ्यांनी मिळून वाचा. एक प्रश्न नक्की विचारा, आत्ता चालू असलेली ट्रीटमेंट बंद होणार का? कारण बऱ्याच ट्रायलमध्ये कुणाला नवीन औषध आणि कुणाला नेहमीचं हे कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे नवीनच मिळेल असं धरून चालू नका हो.

ट्रायलमुळे काही त्रास झाला तर उपचार फुकट मिळायला हवेत, सरकारच्या 2019 च्या ट्रायलच्या नियमांत ते आहे, भरपाईचंही आहे. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा (पेशंटचे हक्क आणि सुरक्षितता बघणारी समिती) फोन नंबर असतो तो मोबाईलमध्ये सेव्ह करा, सही केलेली कॉपी स्वतःकडे ठेवा. आणि मधेच नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगायची गरज नाही, फक्त गोळ्या एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला.