लॅट आणि एसएलपी-७६: टी पेशींवरील प्रयोगांत या चुका टाळा

अ‍ॅडॅप्टर प्रथिने, उदाहरणार्थ टी पेशींतील (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींतील) लॅट आणि एसएलपी-७६, स्वतः कोणतीही रासायनिक अभिक्रिया घडवत नाहीत. इतर प्रथिनांना योग्य जागी आणि योग्य क्षणी एकत्र आणणे हे त्यांचे काम असते. हे ठाऊक असूनही अनेक जण त्यांना एन्झाइमचेच तर्क लावतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच सापडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅडॅप्टर बिघडला की पेशीच्या आतला संदेश, आणि म्हणून पेशींची संख्याही, कमीच होणार असे गृहीत धरणे. उंदरांतील लॅटच्या १३६व्या क्रमांकावरील टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागी फेनिलअ‍ॅलानिन घातले, की पीएलसी-गॅमा-१ हे एन्झाइम लॅटला नीट बांधले जात नाही. थायमसमधील (टी पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीतील) टी पेशींची वाढ त्यामुळे अंशतः अडतेच. पण २००२ साली दोन गटांनी दाखवले की त्याच उंदरांत पुढे सीडी४ (मदतनीस) टी पेशी बेसुमार वाढतात, टीएच२ वळणाची (अ‍ॅलर्जीसारख्या प्रतिसादाची) साइटोकाइन्स, म्हणजे पेशींमधील संदेशवाहक प्रथिने, निर्माण करतात आणि रक्तातील आयजीई हे अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड प्रचंड चढते. लॅट संदेश पुढे नेतो तसाच त्याला आवरही घालतो, हे लक्षात न घेता अशा उंदराच्या फुगलेल्या प्लीहेकडे पाहणारा संशोधक आधी संसर्गाचा शोध घेत बसतो. मानवी लॅटमध्ये हाच टायरोसिन १३२व्या क्रमांकावर आहे, त्यामुळे प्रतिपिंड मागवताना हा फरक तपासावा.

दुसरी चूक कालखंडाची आहे. लॅट किंवा एसएलपी-७६ जन्मापासून नसेल, तर टी पेशींची वाढ थायमसमध्ये डीएन३ या सुरुवातीच्या टप्प्यावरच थांबते. तेव्हा प्रौढ टी पेशींत त्याचे कार्य काय, या प्रश्नाला असा उंदीर उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी जनुक प्रौढ पेशींतच काढून टाकण्याची सोय असलेले वाण हवे. एसएलपी-७६ नसलेली पिल्ले जन्माच्या सुमारास दगावतात, त्याचे खापरही प्रतिकारशक्तीवर फोडू नये, कारण हे प्रथिन रक्तबिंबिकांतही लागते आणि त्याच्या अभावी रक्तस्राव होतो, शिवाय लसीकावाहिन्यांत रक्त शिरते.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) लॅटचा पट्टा फिका आला, तर प्रथिन नाहीच असे म्हणण्याआधी पेशी फोडायला कोणता डिटर्जंट वापरला ते पाहावे. पामिटिक आम्ल जोडलेले असल्यामुळे लॅटचा बराच भाग थंड ट्रायटन या डिटर्जंटमध्ये न विरघळता गाळात जातो. त्याऐवजी डोडेसिल माल्टोसाइड हा डिटर्जंट वापरल्यास तो वरच्या द्रावणात येतो. पेशी उद्दीपित केल्यावर लॅटवर जोडल्या जाणाऱ्या फॉस्फेटचा संकेत मात्र काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून उद्दीपनानंतर पहिला नमुना मिनिटाभरातच घ्यावा आणि पेशी फोडण्याच्या (लायसिस) द्रावणात फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना रोखणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट असावे.

लॅट नसलेल्या जे.कॅम२ या प्रयोगशाळेतील टी पेशींत उद्दीपनानंतर कॅल्शियम वाढले नाही, तर लॅटला वगळून थेट कॅल्शियम वाढवणाऱ्या आयनोमायसिनचे नियंत्रण न चुकता लावावे. त्यानेही कॅल्शियम चढले नाही, तर दोष लॅटचा नसून पेशींचा किंवा कॅल्शियम मोजणाऱ्या रंजकाचा आहे.